टेबलावरचा चमचा आणि थांबलेला शब्द

टेबलावर चमचा, किल्ली, कंगवा आणि पेन मांडलेलं असतं. "किल्ली दाखवा," थेरपिस्ट म्हणतात. आजोबा डाव्या हाताने लगेच किल्लीवर बोट ठेवतात. उजवा हात अर्धांगवायूच्या झटक्याने लुळा पडला आहे. मग थेरपिस्ट चमचा उचलतात. "हे काय?" ओठ जुळतात, सुटतात, आवाज फुटत नाही. शेजारी बसलेल्या त्यांच्या मुलाला राहवत नाही. "चमचा, बाबा!" थेरपिस्ट हातानेच त्याला थांबवतात आणि वाट पाहतात. बऱ्याच वेळाने फक्त पहिला अक्षरध्वनी देतात, "च…" आणि आजोबांच्या तोंडून शब्द बाहेर पडतो.

एका रुग्णालयाच्या वाचाउपचार विभागात बसून मी हे काम पाहत होतो. शब्द हरवला की नेमकं काय हरवलं, हे इथे आधी शोधतात. ओळख, अर्थ, उच्चाराची जुळणी, की ऐकलेलं समजणं? आजोबांना वस्तू कळते, प्रश्न कळतो. इजा झाली आहे ती डाव्या मेंदूच्या पुढच्या भागात, ब्रोकाच्या क्षेत्राभोवती. हातापायांच्या हालचाली चालवणारी पट्टी तिथून जवळच असते आणि डावा मेंदू उजवं अंग चालवतो, म्हणून बोलणं आणि उजवा हात बहुधा एकदमच जातात.

पॉल ब्रोकाने 1861 मध्ये पॅरिसजवळच्या बिसेत्र रुग्णालयात लबोर्न्य नावाचा पेशंट तपासला. तो काहीही विचारलं तरी "तान" एवढंच म्हणे. इथे किती वर्षं आहेस, असं विचारल्यावर त्याने पंजा चार वेळा उघडला आणि वर एक बोट दाखवलं: एकवीस. शब्द गेला म्हणून समज गेली असं नसतं, म्हणून ही गोष्ट प्रत्येक नातेवाइकाला सांगावी असं मला वाटतं. त्याचा मेंदू जपून ठेवला गेला, आणि 2007 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एमआरआय अभ्यासात इजा ब्रोकाला वरून दिसली त्याहून खूप खोल गेलेली आढळली. एक जागा, एक काम, इतका सोपा हिशेब मेंदूत नसतो.

दुसऱ्या एक पेशंट बाई घडाघडा बोलत होत्या. लय, हेल, हातवारे सगळं मराठी. शब्द मात्र कुठल्याच भाषेतले नव्हते. "डोळे मिटा," म्हटलं तरी त्या हसून बोलतच राहिल्या. डाव्या कानाच्या वर, मागच्या बाजूच्या भागातल्या इजेने होणारा हा प्रकार कार्ल वेर्निकेने 1874 मध्ये मांडला. आपलं बोलणं समोरच्याला कळत नाही, हेच अशा पेशंटला अनेकदा उमगत नाही. इथे थेरपिस्ट स्वतः कमी बोलतात, खुणा करतात, चित्रं दाखवतात.

आजोबांचा सराव पुढे चालू होतो. एक ते दहा आकडे ते सलग म्हणतात, पण नुसतं "सात" म्हणा म्हटलं की अडतात; पाठ झालेलं बोलणं वेगळ्या वाटेने येतं. मग थेरपिस्ट त्यांच्या डाव्या हातावर ठेका धरतात आणि दोन सुरांत म्हणतात, "च-हा ह-वा." हे का साधतं यावर अजून वाद आहे, पण आजोबांना ते साधलं.

निघताना मुलाला सूचना मिळतात. टीव्ही बंद करून बोला. ओरडू नका, त्यांना नीट ऐकू येतं. हो-नाहीत उत्तर देता येईल असं विचारा. त्यांच्याबद्दलचं त्यांच्यादेखत दुसऱ्याला सांगू नका, त्यांनाच विचारा. आणि वाक्य तुम्ही पुरं करू नका.