वेडीविद्री इंजिने आणि त्यांच्या रूपामागची कारणे



गेल्या हंगामात एके दिवशी वजनकाट्यासमोर गाड्यांची लांबच लांब रांग लागली होती. त्या रांगेत एक जुना ट्रॅक्टर होता. बॉनेटचा पत्रा कधीच निघून गेलेला, मडगार्ड तारेने बांधलेले, आणि धुराड्याच्या टोकाला पत्र्याचे एक बेढब डबडे ठोकून बसवलेले. शेजारच्या गाडीवरचे एक सभासद हसून म्हणाले, "काय हे ध्यान!" ट्रॅक्टरवाल्याने विडी बाजूला केली आणि सांगितले, "ध्यान असंना का. ते डबडं फडात ठिणगी पडू नये म्हणून हाय." मग कोणी हसले नाही. उभ्या उसाला आग लागली म्हणजे काय होते, हे त्या रांगेतल्या प्रत्येकाला ठाऊक होते.

आम्हाला त्या डबड्यावरून आगगाडीची इंजिने आठवली. आपल्यातल्या वडीलधाऱ्यांनी बार्शी लाईटची छोटी गाडी पाहिलेली आहे, तिच्या इंजिनाला बघून पोरे पळत सुटत. ते तसे देखणेच म्हणायचे. पण जगात अशी काही इंजिने होऊन गेली की ती पाहून माणूस आधी थबकतो आणि मग विचारतो, "हे असं का केलं असेल बुवा?" या 'का'चे उत्तर बहुतेक वेळा सरळ असते. कधी जळण निराळे, कधी वाट निराळी, कधी पैसा किंवा लोखंड कमी. अशा काही इंजिनांची माहिती येथे देत आहोत. सुरुवात आपल्या धंद्यापासूनच करू.

जावा बेट, म्हणजे आजच्या इंडोनेशियातले. डच अमलात तेथे उसाचे शेकडो कारखाने उभे राहिले आणि फडातून गव्हाणीपर्यंत ऊस आणायला अरुंद रुळांच्या गाड्या घातल्या गेल्या. त्यांची इंजिने चालत ती बगॅसवर. कारखान्यात निघालेले चिपाड दाबून त्याचे गठ्ठे बांधायचे, ते इंजिनामागच्या डब्यात छपराएवढे उंच रचायचे, आणि माणसाने एकेक गठ्ठा भट्टीत कोंबत जायचे. बगॅस हलके आणि झटकन जळणारे. कोळशाच्या मानाने त्याचा ढीग कितीतरी मोठा लागतो, म्हणून इंजिन लहान आणि मागचे ओझे मोठे असा तो अवतार दिसे. दुसरी अडचण ठिणग्यांची. हलके जळते चिपाड धुरासोबत वर उडते आणि दोन्ही बाजूंना वाळलेल्या पाचटाचा ऊस उभा! म्हणून कित्येक इंजिनांना फुगलेल्या मडक्यासारखे धुराडे बसवीत. त्याच्या पोटात आडवा पत्रा आणि जाळी असे. धूर आपटून वळे, ठिणगी तेथेच खाली पडून विझे. अमेरिकेत लाकूड जाळणाऱ्या जुन्या इंजिनांचेही धुराडे असेच फुगीर होते, कारणही तेच. आमच्या रांगेतले डबडे त्याच कुळातले.

पण ठिणगीवरचा सगळ्यात पक्का उपाय म्हणजे भट्टीच काढून टाकणे! असे इंजिन खरोखरच झाले. अमेरिकेत न्यू ऑर्लिन्स या शहरात, म्हणजे लुइझियाना या उसाच्या मुलखात, १८७० च्या दशकात डॉ. एमिल लॅम यांनी विनाआगीचे इंजिन ट्रामसाठी चालवून दाखवले. पुढे जर्मनीतल्या कारखानदारांनी ते सुधारून जगभर विकले, आणि जावातल्या काही साखर कारखान्यांतही ते आले. दिसायला म्हणजे चाकांवर ठेवलेली तेलाची टाकीच. पुढे धुराडे नाही, कोळशाची पेटी नाही. बरेचदा दट्ट्यांची सिलिंडरेही उलटी, मागे ड्रायव्हरच्या पायाखाली.

मग चालते कसे? घरातला प्रेशर कुकर डोळ्यांपुढे आणा. कुकर चुलीवरून उतरवला तरी शिटी उचलली की वाफ जोराने सुटते आणि बराच वेळ सुटत राहते. आत पाणी दाबाखाली असते, आणि दाबाखालचे पाणी शंभर अंशांना उकळत नाही. वातावरणाच्या दहापट दाबाला ते सुमारे १८० अंशांना उकळते. या इंजिनाच्या टाकीत निम्म्याहून अधिक पाणी भरून त्यात कारखान्याच्या बॉयलरची वाफ नळीने सोडतात. पाणी तापते, दाब चढतो. नळी काढली की इंजिन मोकळे. ड्रायव्हरने वाफ घेतली की टाकीतला दाब थोडा उतरतो, आणि दाब उतरताच त्या तापलेल्या पाण्यातून आपोआप नवी वाफ निघते. असे दोन-तीन तास यार्डातल्या यार्डात काम होते, मग पुन्हा नळीपाशी यायचे. दाब उतरत गेला तरी ओढ राहावी म्हणून सिलिंडरे जाडजूड ठेवतात, त्याने रूप आणखीच बिघडते. फायरमन नको, राख काढणे नको, बगॅसच्या ढिगाशेजारून गेले तरी आगीचे भय नाही. म्हणूनच दारूगोळ्याच्या आणि कागदाच्या कारखान्यांतही याला मोठी मागणी असे. खोड एकच. गळीत बंद झाले, बॉयलर थंड झाले, की इंजिनही पुढच्या हंगामापर्यंत निजले.

आता इंग्लंडकडे वळू. दुसऱ्या महायुद्धात लोखंडाची टंचाई होती आणि मालगाड्या तर वाढल्या होत्या. तेथल्या सदर्न रेल्वेचे मुख्य यांत्रिकी अभियंता ऑलिव्हर बुलीड यांनी १९४२ साली 'क्यू-वन' नावाची चाळीस इंजिने बांधली. जे जे शोभेचे ते ते त्यांनी काढून टाकले. चाकांवरचे पत्रे नाहीत, बाजूची फळी नाही. बॉयलरवर उष्णता अडवण्यासाठी काचेच्या धाग्यांचा हलका थर दिला. त्या थराला वरच्या पत्र्याचे वजन पेलेना, तेव्हा पत्रा खालच्या सांगाड्यावरच टेकवला, त्यामुळे गोल बॉयलर बाहेरून पेटीसारखा दिसू लागला. लोक म्हणत, किल्ली देऊन सोडायचे खेळणे दिसते. पण वजन अवघे ५१ टन आणि ओढ अशी की सहा चाकांच्या इंजिनांत इंग्लंडमध्ये त्याहून ताकदवान दुसरे नव्हते. हलके असल्याने कच्च्या पुलांवरूनही जाई. ती १९६० च्या दशकापर्यंत राबली. त्यातले पहिले इंजिन यॉर्कच्या संग्रहालयाने जतन केले आहे. आमच्या मते असे इंजिन कुरूप म्हणू नये, फार तर काटकसरी म्हणावे.

येथवर ठीक आहे. पण काही इंजिनांत रूप बिघडले ते बिघडलेच, वर आतल्या माणसाचेही हाल झाले. ते जरा सविस्तर सांगितले पाहिजे.

अमेरिकेच्या पेनसिल्व्हेनिया राज्यात कठीण जातीच्या कोळशाच्या खाणी आहेत. कोळसा निवडून उरलेला चुरा खाणींच्या तोंडाशी डोंगरासारखा पडून असे. जळण जवळजवळ फुकट, पण जळते हळू. त्याला विस्तव पातळ आणि जागा ऐसपैस लागते. ओले बगॅस जाळायला मोठी भट्टी का लागते हे आपल्या बॉयलर खात्यातल्या मंडळींना सांगायला नको. रीडिंग रेल्वेच्या जॉन वूटन यांनी १८७७ च्या सुमारास चाकांच्याही बाहेर येईल एवढी रुंद भट्टी केली. चुरा जळू लागला, खर्च वाचला. मात्र त्या भट्टीमागे ड्रायव्हर बसला तर त्याला पुढचे दिसेना. मग त्याची खोली उचलून इंजिनाच्या मधोमध, बॉयलरवर खोगीर घातल्यासारखी बसवली. म्हणून अमेरिकेत त्याला 'उंटपाठी' म्हणू लागले.

ड्रायव्हर पुढे, एका अंगाला तापलेला बॉयलर आणि दुसऱ्या अंगाला खोलीची भिंत, यांच्या मधल्या फटीत. फायरमन मागे एकटा, अर्ध्यामुर्ध्या छपराखाली, ऊनपावसात आणि बर्फात कोळसा टाकत उभा. दोघांना एकमेकांशी धड बोलता येत नसे. ड्रायव्हरला पुढे काही झाले तरी फायरमनला पत्ता लागायचा नाही, गाडी तशीच धावत राहायची. त्यातच ड्रायव्हरच्या बैठकीखाली चाकांचे लोखंडी दांडे फिरत. एखादा दांडा धावत्या गाडीत तुटला तर तो दांडपट्ट्यासारखा फिरून खोलीच फोडून काढी. अशी इंजिने शेकड्यांनी बांधली गेली. अखेर १९१८ च्या सुमारास तेथल्या सरकारी आयोगाने नवी बांधायला बंदी केली. म्हणजे शहाणपण यायला चाळीस वर्षे लागली. जळणातले पैसे वाचत होते ते कंपनीचे आणि जीव जात होता तो ड्रायव्हरचा, हा हिशेब कोणी लवकर मांडला नाही.

आणि गंमत बघा, क्यू-वन बांधणारे बुलीड हे शहाणे गृहस्थ, पण तेही याच खड्ड्यात पडले. त्यांचे म्हणणे होते की ड्रायव्हरला बॉयलरच्या मागून वाकून का पाहावे लागावे? इंजिन दोन्ही टोकांनी चालावे, फिरवून घ्यायला लागू नये, सगळे वजन ओढणाऱ्या चाकांवर यावे. विचार उत्तमच होता. १९४९ साली ब्रायटनच्या कारखान्यातून 'लीडर' नावाचे इंजिन बाहेर पडले. ते मालाच्या लांबट बंद डब्यासारखे दिसे. दोन्ही टोकांना ड्रायव्हरची खोली, खाली सहा-सहा चाकांच्या दोन गाड्या, आणि चाके फिरवायला साखळ्या. आतून एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे जाता यावे म्हणून एका बाजूने बोळ ठेवला. त्या बोळासाठी बॉयलर एका अंगाला सरकवला, मग इंजिन एकीकडे झुकू लागले, मग तोल सावरायला बोळात भंगार लोखंड भरले! वजन १३० टनांच्या घरात गेले.

फायरमनची जागा होती मधे, भट्टीशेजारच्या बंद कोंदट खोलीत. तेथे उष्णता ४९ अंशांपर्यंत चढे. उघडी खिडकी नाही, झुळूक नाही, आणि इंजिन आडवे पडले तर बाहेर कसे यावे हाही प्रश्नच. भट्टीच्या विटा ढासळत, आस मोडत. पाच इंजिने बांधायला घेतली होती, त्यातले एकच पुरे होऊन धावले. १९५० च्या अखेरीस चाचण्या थांबल्या आणि १९५१ मध्ये सगळे भंगारात गेले. ड्रायव्हरला पुढचे स्वच्छ दिसावे यासाठी एवढा खटाटोप झाला, पण फायरमन मधे कुठे उभा राहणार हे कागदावर नीट पाहिलेच गेले नाही. पुढे बुलीड आयर्लंडला गेले आणि तेथे दलदलीतली वाळवलेली माती, जिला पीट म्हणतात, ती जाळणारे एक इंजिन त्यांनी १९५७ साली केले. तेही एकच राहिले, कारण तोवर डिझेल आले होते.

देखण्या गाडीचेही एक उदाहरण दिले पाहिजे, नाहीतर आम्ही पक्षपात केला असे होईल. जर्मनीत फ्रान्झ क्रुकेनबर्ग यांनी चंदेरी, निमुळती गाडी बांधली आणि मागे विमानासारखा पंखा लावला. १९३१ च्या जूनमध्ये ती ताशी २३० किलोमीटर धावली. पण स्टेशनात उभ्या माणसांमागे उघडा पंखा गरगरतो आहे, आणि मागे पंखा असल्यामुळे दुसरा डबा जोडायची सोय नाही! रूपवान होती, पण घरात काही उपयोगाची नव्हती. १९३९ मध्ये मोडून टाकली. उलट जपानने १९९९ मध्ये आणलेल्या एका वेगवान गाडीचे तोंड बदकाच्या चपट्या चोचीसारखे होते. लोकांनी नावे ठेवली, पण बोगद्यात शिरताना पुढची हवा दाबली जाऊन दुसऱ्या तोंडाशी बार उडाल्यासारखा आवाज होई, तो त्या चोचीमुळे कमी झाला. बोगद्याजवळच्या वस्तीची झोप वाचली.

आता शेवटी एका रुळाच्या गाड्या. आयर्लंडमध्ये लिस्टोवेल ते बॅलीबनियन या नऊ मैलांच्या वाटेवर १८८८ ते १९२४ अशी गाडी चाले. लार्तीग नावाच्या फ्रेंच अभियंत्याने उंटाच्या पाठीवर दोन्हीकडे लटकणारे ओझे पाहून ती योजली होती. जमिनीपासून कमरेएवढ्या उंचीवर एकच रूळ, आणि इंजिन त्यावर खोगिरासारखे, डावीकडे एक बॉयलर, उजवीकडे एक बॉयलर. ओझे दोन्हीकडे सारखे लागे. तेथे अशी गोष्ट सांगतात की एकीकडे गाय चढवली तर दुसरीकडे दोन वासरे चढवावी लागत, आणि मग ती वासरे परत आणायची तर एक इकडे, एक तिकडे! बैलाच्या पाठीवर गोणी लादणाऱ्याला ही पंचाईत लगेच कळेल.

आपल्या देशात पटियाळा संस्थानाने १९०७ साली निराळा मार्ग काढला. रूळ एकच, पण रस्त्याच्या कडेला जमिनीवर. सगळा भार त्या रुळावर, आणि तोल राखायला बाजूला एक मोठे चाक, ते साध्या रस्त्यावरून फिरे. जवळजवळ ९६ टक्के वजन रुळावर आणि उरलेले त्या चाकावर. त्यामुळे जनावरालाही ओझे हलके जाई. सरहिंद-मोरिंडा भागात मंडईचे धान्य आणि माणसे यातून जात. सुरुवातीला खेचरे जुंपत, मग बर्लिनच्या ओरेनस्टाइन आणि कोपेल या कारखान्यातून चार इंजिने आणली. आपल्या माथेरानच्या गाडीची जुनी इंजिनेही याच कारखान्याची. मोटारी वाढल्या तशी ही गाडी मागे पडली आणि १९२७ मध्ये बंद झाली. इंजिने तशीच गंजत पडून होती. १९६२ मध्ये ती पुन्हा नजरेस आली आणि त्यातले एक दुरुस्त करून दिल्लीला नेले.

सभासदांपैकी कोणी कामानिमित्त दिल्लीला गेले तर चाणक्यपुरीतल्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात ते पाहता येईल. एका कुशीला चाकाचा हात टेकून उभे आहे. पोरांना बरोबर न्यावे.