शास्त्रीय लेख छापावयास पाठविण्यापूर्वीं



शास्त्रीय नियतकालिकाकडे लेख कसा पाठवावा, हा विषय प्रथमदर्शनीं फार थोड्या लोकांच्या कामाचा वाटेल. परंतु आज तालुक्याच्या गांवच्या महाविद्यालयांतूनहि संशोधन चालतें, आणि औषध, पीक, पाणी ह्यांविषयींचे निर्णय शेवटीं कोणाच्या तरी छापील लेखावर उभे असतात. लेख सदोष असला तर त्याचा भुर्दंड लिहिणाराइतकाच न लिहिणाराहि भरतो. मी स्वतः महाविद्यालयाची पायरी चढलेलों नाहीं. माझा जन्म शाळेंत शिकविण्यांत गेला. तथापि निवृत्तीनंतर माझे कांहीं जुने विद्यार्थी आपलीं हस्तलिखितें भाषेची सफाई करून घेण्यासाठीं माझ्याकडे आणतात, आणि तीं वाचतां वाचतां माझी एक समजूत पक्की झाली आहे. त्यांतले मोठे दोष भाषेचे नसतात. जें आपणांस रोजच्या सरावानें ठाऊक आहे तें वाचणारास ठाऊक नाहीं, ह्याचा लिहिणारास विसर पडलेला असतो.

हें स्पष्ट करण्यासाठीं आपल्याकडचेंच एक उदाहरण घेतों. नाशिकजवळ देवळाली येथें दत्तात्रय रामचंद्र कापरेकर नांवाचे शाळामास्तर होते. १९४९ सालीं मद्रास येथील गणितपरिषदेंत त्यांनीं ६१७४ ह्या संख्येचा एक चमत्कारिक गुण जाहीर केला, आणि १९५५ सालीं त्यावरील त्यांचें टिपण ‘स्क्रिप्टा मॅथेमॅटिका’ ह्या अमेरिकन नियतकालिकांत छापून आलें. कागद-पेन्सिल जवळ असेल तर आपणहि हें करून पाहावें. कोणतीहि चार आंकडी संख्या घ्या. तिचे अंक उतरत्या क्रमानें मांडा, मग चढत्या क्रमानें मांडा, आणि मोठ्या संख्येंतून लहान वजा करा. जें उत्तर येईल त्यावर तीच क्रिया पुन्हां करा. जास्तींत जास्त सात फेऱ्यांत ६१७४ येतें, आणि एकदां आलें कीं तें तेथून हालत नाहीं. ३५२४ घेतल्यास आधीं ३०८७, मग ८३५२, आणि मग ६१७४.

आतां ही कृति मीं जशी सांगितली तशीच एखाद्यानें १००० ह्या संख्येवर चालविली तर काय होईल? चढत्या क्रमानें अंक मांडले तर १ उरतो; तो वजा केला कीं ९९९ येतात. ९९९ उलटे मांडा कीं सुलटे मांडा, वजाबाकी शून्य! ६१७४ चा कोठें पत्ताच नाहीं. ह्याचें कारण असें कीं, दोन अटी मीं मुद्दामच सांगितल्या नाहींत. चारहि अंक सारखे नसावेत, ही एक. आणि आरंभीं शून्य आलें तरी तें टाकूं नये, ९९९ हे ०९९९ असेच लिहावेत, ही दुसरी. शून्य राखून पाहा: ०९९९ नंतर ८९९१, ८०८२, ८५३२ ह्या पायऱ्यांनीं ६१७४ हजर होतें. ही सूचना एका ओळीची आहे. पण ती गाळली तर शोध खरा असूनहि लेख खोटा ठरतो, आणि दूर देशीं बसलेला वाचक लेखकालाच लबाड समजतो. ज्याच्या हाताला ही क्रिया बसली आहे तो शून्य आपोआप लिहितो, आणि म्हणूनच तें सांगावें असें त्याला सुचत नाहीं.

प्रयोगशाळेंतील लेखांत हें राहून गेलेलें शून्य जागोजाग आढळतें. बीं भिजत घातलें, पण किती तास? पाणी नळाचें कीं ऊर्ध्वपातित? ‘खोलीच्या तापमानास ठेविलें’ असें वाक्य मला वारंवार भेटतें. मे महिन्यांतील नागपूरची खोली आणि डिसेंबरांतील महाबळेश्वरची खोली ह्या दोन्ही खोल्याच आहेत! म्हणून माझी एक साधी कसोटी आहे. पद्धतीचा भाग दुसऱ्या प्रयोगशाळेंतील मित्राला वाचावयास द्यावा आणि त्याला विचारावें, “उद्यां सकाळीं हें करावयाचें झालें तर तूं पहिल्यानें काय घेशील, किती घेशील, आणि केव्हां थांबशील?” जेथें तो अडखळेल तेथें वाक्य कमी आहे असें समजावें.

लेखाचे भाग आतां बहुतेक ठरून गेले आहेत: प्रास्ताविक, साधनें व पद्धति, फलित, आणि चर्चा. छापतांना हा क्रम असतो. लिहितांना तो पाळलाच पाहिजे असें नाहीं. आधीं कोष्टकें आणि आकृत्या पक्क्या कराव्या, कारण सांगण्यासारखें काय हातीं आलें आहे हें त्यांवरूनच कळतें. मग पद्धति लिहावी, मग फलित, त्यानंतर चर्चा आणि प्रास्ताविक. सारांश व मथळा सर्वांत शेवटीं. पुष्कळ वाचक सारांशापलीकडे जात नाहींत; तेव्हां मुख्य आंकडा सारांशांत आलाच पाहिजे. लांबीनें वजन वाढतें हा भ्रम सोडावा. डीएनएच्या रचनेवरील वॉटसन व क्रिक ह्यांचा १९५३ सालचा ‘नेचर’मधील लेख एका पानाहून थोडासाच अधिक होता.

फलिताविषयीं मात्र थोडें थांबून बोललें पाहिजे. ग्रेगोर मेंडेल ह्यांनीं वाटाण्यावरील आपले प्रयोग १८६५ सालीं ब्रनो येथील सभेंत वाचले आणि पुढच्या वर्षीं ते छापले. पिढीजात गुण तीनास एक ह्या प्रमाणांत उतरतात, एवढेंच लिहून त्यांना मोकळें होतां आलें असतें. त्यांनीं प्रत्यक्ष मोजणी छापली: गोल दाणे ५४७४, सुरकुतलेले १८५०. ह्या आंकड्यांमुळें काय घडलें पाहा. सत्तर वर्षांनीं, १९३६ सालीं, रोनाल्ड फिशर ह्या संख्याशास्त्रज्ञानें ते सर्व आंकडे पुन्हां तपासले आणि आक्षेप घेतला कीं, हे अपेक्षित प्रमाणाशीं जरा अधिकच जुळतात. त्यावर पुढें पुष्कळ वाद झाला. नियम मात्र अबाधित राहिला, कारण तोंवर तो इतरांनीं आपापल्या बागांत पडताळून पाहिला होता. लेखकाच्या पश्चात्‌हि त्याला प्रश्न विचारतां यावा, अशी सोय त्या आंकड्यांनीं करून ठेविली होती. टक्केवारी देऊन मूळ मोजणी झांकणारा लेखक ही वाटच बंद करतो.

माझ्या एका विद्यार्थिनीच्या लेखांत आरंभीं चाळीस कुंड्या होत्या आणि कोष्टकांत सदतीस. तीन कुंड्यांचें काय झालें, असें मीं विचारलें. त्यांतलीं रोपें उंदरांनीं खाल्लीं, असें ती म्हणाली. पण तिच्या मार्गदर्शकांच्या मतें तें लिहिणें हास्यास्पद दिसलें असतें, आणि आरंभींच सदतीस लिहावें अशी त्यांची सूचना होती. मीं तिला उंदीरच लिहावयास सांगितलें, आणि तिनें तसें लिहिलें. आज तीन रोपें उंदरांच्या नांवानें गाळलीं तर कोणाचें नुकसान नाहीं, हें मान्य. पण औषधाच्या चांचणींत मधूनच सोडून गेलेले तीन रोगी ह्याच रीतीनें गाळले जातात, आणि ते औषध सोसेना म्हणून गेले असतील तर? ही संवय कुंडीपासूनच लागते.

संदर्भ देतांना, जो लेख आपण स्वतः उघडून वाचला नाहीं त्याचा उल्लेख करूं नये. दुसऱ्याच्या यादींतून यादी उतरली कीं त्याच्या पृष्ठांकांच्या चुकाहि उतरतात. आजकाल यंत्राकडून मजकूर लिहून घेण्याची सोय झाली आहे. तें यंत्र अस्तित्वांत नसलेल्या लेखांचीं नांवें, वर्ष व पृष्ठांकांसह, मोठ्या धिटाईनें देतें. लेखकांच्या नांवांविषयीं वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीनें चार अटी घातल्या आहेत: कामांत खराखुरा वांटा, लिखाणांत किंवा त्याच्या चिकित्सक दुरुस्तींत भाग, अखेरच्या मजकुरास संमति, आणि सगळ्या कामाची जबाबदारी घेण्याची तयारी. चारहि पुऱ्या झाल्या पाहिजेत. आपल्याकडे मात्र लग्नपत्रिकेवर वडीलधाऱ्यांचीं नांवें घालावीं तशीं खातेप्रमुखांचीं नांवें घालण्याचा परिपाठ दिसतो. ज्यांनीं केवळ उपकरण दिलें त्यांचे आभार मानावेत, तेवढें पुरे.

लेख कोठें पाठवावा? ज्या नियतकालिकाकडे पाठवावयाचा त्याचे अलीकडचे तीन-चार अंक आधीं वाचावेत आणि लेखकांसाठीं दिलेल्या सूचना शब्दशः पाळाव्या. एका वेळीं एकाच ठिकाणीं पाठवावा. दोन घरीं एकदम सोयरीक बोलूं नये. ‘पैसे भरा, आठ दिवसांत छापतों’ अशीं पत्रें हल्लीं पुष्कळांस येतात. २०१८ सालीं विद्यापीठ अनुदान मंडळानें आपल्या मान्य यादींतून चार हजारांहून अधिक नियतकालिकें वगळलीं, ह्यावरून हा बाजार केवढा पसरला होता हें दिसतें. कांहीं नामांकित नियतकालिकेंहि शुल्क घेतात, म्हणून केवळ शुल्क ही खूण नव्हे. लेख कोणी तपासतो कीं नाहीं, ही खूण.

परीक्षकाचें टिपण आलें कीं राग येतो. आइन्स्टाइनलाहि आला होता. १९३६ सालीं त्यांनीं व नेथन रोझेन ह्यांनीं ‘फिजिकल रिव्ह्यू’कडे एक लेख धाडला. गुरुत्वाकर्षणाच्या लहरी असूं शकत नाहींत, असें त्यांत प्रतिपादन होतें. संपादक जॉन टेट ह्यांनीं तो परीक्षकाकडे दिला आणि आलेले आक्षेप लेखकांस कळविले. छापण्यापूर्वीं लेख तिऱ्हाइताला दाखविण्याची परवानगी आम्हीं दिली नव्हती, असें खरमरीत उत्तर देऊन आइन्स्टाइननीं लेख परत मागविला. परीक्षक होते हॉवर्ड पर्सी रॉबर्टसन, आणि त्यांचें म्हणणें बरोबर होतें. पुढें त्यांच्याशीं झालेल्या चर्चेंतून ती चूक आइन्स्टाइनच्या सहाय्यकामार्फत त्यांच्यापर्यंत पोंचली, आणि १९३७ सालीं तो लेख दुसऱ्या नियतकालिकांत छापला गेला तेव्हां त्याचा निष्कर्ष बदललेला होता. त्या लहरी २०१५ सालीं प्रत्यक्ष पकडल्या गेल्या. आणि आपल्या हिंगोली जिल्ह्यांत त्या टिपणारी वेधशाळा उभारण्यास केंद्र सरकारनें २०२३ सालीं मंजुरी दिली.

तेव्हां टिपण आल्यावर दोन दिवस तें बाजूस ठेवावें. मग प्रत्येक आक्षेप जसाच्या तसा उतरून त्याखालीं उत्तर लिहावें: काय बदललें, कोणत्या पानावर बदललें. जेथें परीक्षकाचें म्हणणें पटत नाहीं तेथें कारण द्यावें, परीक्षकहि चुकतात. पण परीक्षकाचा गैरसमज झाला असेल, तर बहुधा आपलेंच वाक्य तेथें संदिग्ध आहे असें धरून तें सुधारावें.

लेख स्वीकारला गेला म्हणजे मुद्रितें येतात आणि तीं फार थोड्या मुदतींत परत मागतात. ह्या वेळीं लेखक आनंदांत असतो व वरवर वाचतो. तसें करूं नये. एकानें हस्तलिखितांतील आंकडा मोठ्यानें म्हणावा, दुसऱ्यानें मुद्रितावर बोट ठेवून तो पाहावा. दशांशचिन्ह, उणेचें चिन्ह आणि मापाचें एकक हीं तीन वेगळ्या फेरींत तपासावीं. कोष्टकें तर शेवटच्या ओळीपासून वर वाचीत जावीं, म्हणजे डोळा ओघांत वाहवत नाहीं.