कार्ड खाटेचा खर्च देते, गोळ्यांचा नाही

मेडिकलच्या दुकानात मधुमेहाच्या महिनाभराच्या गोळ्या घेताना अनेक आजी-आजोबा आयुष्मान वय वंदना कार्ड पुढे करतात. पाच लाखांचे कार्ड असताना गोळ्यांना पैसे कसले, हा त्यांचा प्रश्न. प्रश्न रास्त आहे, पण हे कार्ड रुग्णालयात दाखल होण्याच्या खर्चासाठी आहे. घरी चालू असलेल्या औषधांसाठी नाही.

हे कार्ड २९ ऑक्टोबर २०२४ पासून मिळू लागले. वय ७० पूर्ण असले की पुरे. उत्पन्नाची अट नाही, रेशनकार्डाच्या रंगाची नाही. जुन्या आजारांसाठी थांबावेही लागत नाही. खासगी विमा कंपन्या ज्या वयात दार लोटून घेतात, त्या वयात ही सवलत मोठीच म्हणायची. वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे उपचार अंगीकृत रुग्णालयात रोख न भरता होतात. नवरा-बायको दोघेही सत्तरीपुढचे असतील तर ही रक्कम दोघांत मिळून असते. कुटुंब आधीच योजनेत असेल तर ज्येष्ठांचे हे ५ लाख वेगळे. त्यात मुला-नातवंडांचा वाटा नाही. दाखल होण्यापूर्वीचे ३ दिवस आणि घरी सोडल्यानंतरचे १५ दिवस, एवढ्या काळातील तपासण्या व औषधेही त्यात धरली जातात. सोळाव्या दिवसापासून पुन्हा आपला खिसा.

कार्ड काढायचे ते धडधाकट असताना. चौऱ्याहत्तर वर्षांची बाई न्हाणीघरात घसरून पडते, खुब्याचे हाड मोडते. अशा रुग्णाची शस्त्रक्रिया शक्यतो ४८ तासांच्या आत व्हावी लागते. उशीर झाला की अंथरुणावर पडून न्यूमोनिया होतो, पाठीला जखमा होतात, पायाच्या शिरांत रक्ताच्या गुठळ्या धरतात. आणि नेमक्या त्याच वेळी नातेवाईक आधार केंद्राच्या रांगेत उभे असतात. कारण आधारवरचे वय चुकलेले असते, मोबाइल नंबर जोडलेला नसतो किंवा आयुष्यभर भांडी घासून, खुरपणी करून बोटांचे ठसेच पुसट झालेले असतात. ठसा उमटत नसेल तर चेहऱ्यावरून किंवा मोबाइलवर येणाऱ्या ओटीपीने ओळख पटवता येते, हे पुष्कळांना कोणी सांगितलेलेच नसते. रुग्णालय अंगीकृत आहे का आणि त्या आजाराचे उपचार तिथे योजनेत होतात का, या दोन्ही गोष्टी १४५५५ या क्रमांकावर विचारता येतात. रुग्णालयात आरोग्यमित्र असतो. पैसे भरण्याआधी त्याला गाठावे.

रोजच्या गोळ्यांचे काय? रक्तदाब-मधुमेहाच्या नेहमीच्या गोळ्या प्राथमिक आरोग्य केंद्रात व सरकारी रुग्णालयात मोफत मिळतात, साठा असेल तेव्हा. केंद्र सरकारच्या निवृत्तांना सीजीएचएसमधून बाह्यरुग्ण तपासणी आणि औषधेही मिळतात. सीजीएचएस आणि वय वंदना यांपैकी एकच निवडावे लागते. त्यामुळे मुंबई, पुणे किंवा नागपुरात राहणाऱ्या आणि कायमची औषधे चालू असणाऱ्या निवृत्ताने नव्या कार्डाच्या मोहात सीजीएचएस सोडू नये.

कारखान्यातून निवृत्त झालेल्यांसाठी एक सोय आहे, पण तिचा गवगवा कधी झाला नाही. ईएसआयमध्ये किमान ५ वर्षे विमाधारक राहून वयोमानानुसार निवृत्त झालेल्या कामगाराला महिना १० रुपये, म्हणजे वर्षाचे १२० रुपये आगाऊ भरून स्वतःसाठी आणि पती किंवा पत्नीसाठी वैद्यकीय सेवा चालू ठेवता येते. ईएसआयच्या दवाखान्यातील तपासणी आणि औषधे त्यात येतात. कामावरच्या अपघाताने कायमचे अपंगत्व येऊन नोकरी सुटली असेल, तर अशा कामगारालाही निवृत्तीच्या वयापर्यंत याच दराने ही सेवा मिळते. निवृत्तीच्या दिवशी हारतुरे देणाऱ्या कंपनीने एवढी माहिती दिली तरी पुष्कळ झाले. सेवेचा दाखला मात्र कंपनी चालू आहे तोवर घेऊन ठेवावा. बंद पडलेल्या कारखान्याच्या दारात कागद मिळत नाहीत.

दिव्यांगांची अडचण थोडी निराळी. सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलाला क्वचितच दाखल करावे लागते, पण फिजिओथेरपी वर्षानुवर्षे चालते. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत वयाची अट नाही, मात्र तिचाही भर दाखल होऊन घेतलेल्या उपचारांवरच. म्हणून नॅशनल ट्रस्टची निरामय योजना महत्त्वाची. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता या चार प्रकारांसाठी वर्षाला १ लाखापर्यंतचे संरक्षण तिच्यात आहे. वयाची अट नाही, आधी वैद्यकीय तपासणीही नाही. बाह्यरुग्ण उपचार आणि थेरपीचा खर्चही मिळतो, प्रत्येकाला ठरलेल्या मर्यादेत. यात पैसे आधी आपण भरायचे आणि नंतर परत मागायचे, त्यामुळे प्रत्येक सत्राची मूळ पावती जपून ठेवावी लागते. नूतनीकरण दरवर्षी करावे लागते. ते राहिले की त्या काळातल्या पावत्यांचे पैसे मिळत नाहीत.