जमा झालेलं संशोधन सापडतं का?

शोधगंगा या प्रबंधांच्या ऑनलाइन भांडारात एखादा प्रबंध उघडला की अखंड पुस्तक समोर येत नाही, फायलींची रांग येते. पहिली '०१_टायटल', मग प्रमाणपत्रं, अनुक्रमणिका, एकेक प्रकरण, संदर्भसूची आणि सगळ्यात शेवटी '८०_रेकमेंडेशन'. ही नावं गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्रानं ठरवून दिली आहेत. देशभरातली विद्यापीठं त्याच पद्धतीनं आपल्याकडचे पीएचडीचे प्रबंध तिथे चढवतात. पाच लाखांहून अधिक प्रबंध आजवर जमा झाले आहेत. ते वाचायला सभासद व्हावं लागत नाही, शुल्क भरावं लागत नाही, कोणाची शिफारस आणावी लागत नाही.

याचं मोल कळायचं तर आधीची पद्धत आठवावी लागते. रेक्झिनच्या बांधणीवर सोनेरी अक्षरं, आणि मोजक्या प्रती: परीक्षकांना, मार्गदर्शकांना, विभागाला आणि एक ग्रंथालयाला. ग्रंथालयातली प्रत कुलूपबंद कपाटात जायची. ती घरी न्यायची सोय नाही, अनेक ठिकाणी झेरॉक्सचीही परवानगी नाही. आपल्याच विषयावर कोल्हापुरात कोणी काम केलं आहे, हे नांदेडच्या विद्यार्थ्याला कळायचं ते एखाद्या चर्चासत्रात गाठ पडली तरच. ज्या गावांत हिंडून, ज्या माणसांना प्रश्न विचारून ते संशोधन झालं, त्या गावांपर्यंत आणि माणसांपर्यंत तर ते पोहोचायचंच नाही.

विद्यापीठ अनुदान आयोगानं २००९ च्या नियमावलीत प्रबंधाची इलेक्ट्रॉनिक प्रत देणं बंधनकारक केलं आणि त्यातून शोधगंगा उभी राहिली. कल्पना नवी नव्हती. अमेरिकेतल्या व्हर्जिनिया टेक विद्यापीठानं १९९७ पासूनच प्रबंध इलेक्ट्रॉनिक स्वरूपात मागायला सुरुवात केली होती. म्हैसूर विद्यापीठात २००० साली 'विद्यानिधी' नावाचा प्रबंधांचा डिजिटल प्रकल्प सुरू झाला होता. फरक पडला तो नियमामुळे. हौशीनं चाललेल्या कामाला त्यानं देशभराची व्याप्ती दिली.

अशा भांडाराला इंग्रजीतूनच आलेलं 'रिपॉझिटरी' हे नाव ग्रंथपालांच्या बोलण्यात रुळलं आहे. विद्यापीठाच्या वेबसाइटवर पीडीएफ टाकली म्हणजे रिपॉझिटरी झाली, असा समज मात्र सर्रास दिसतो. वेबसाइट दर काही वर्षांनी नव्यानं बांधली जाते आणि जुने दुवे एका रात्रीत मरतात. विद्यापीठाच्या जुन्या परिपत्रकाचा दुवा उघडू पाहणाऱ्या कोणालाही हे ठाऊक आहे. रिपॉझिटरीत प्रत्येक नोंदीला कायमचा क्रमांक मिळतो. शोधगंगेवरच्या नोंदींचे क्रमांक १०६०३ या आकड्यानं सुरू होतात. पान कुठेही हललं तरी त्या क्रमांकावरून ते सापडतं. दुसरी गोष्ट म्हणजे तपशील. लेखक, मार्गदर्शक, वर्ष, विभाग, विषय, सारांश हे सगळं ठरलेल्या रकान्यांत भरलं जातं, आणि ओएआय-पीएमएच नावाच्या सामायिक नियमामुळे जगातली शोधयंत्रं ते रकाने आपोआप उचलू शकतात. यासाठी लागणारं सॉफ्टवेअर फुकट आहे. साउदॅम्प्टन विद्यापीठाचं 'ईप्रिंट्स' २००० मध्ये आलं, तर एमआयटीची ग्रंथालयं आणि ह्यूलेट-पॅकार्ड यांनी मिळून घडवलेलं 'डीस्पेस' २००२ मध्ये. शोधगंगा डीस्पेसवरच चालते. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचं धनंजयराव गाडगीळ ग्रंथालयही तेच वापरतं. तिथल्या दुर्मीळ जुन्या पुस्तकांसाठी पूर्वी पुण्याला जावं लागे, आता ती घरबसल्या उघडता येतात.

प्रबंधांचं एक झालं. शोधनिबंधांची गोष्ट जास्त गुंतागुंतीची आहे, कारण तिथे मध्ये प्रकाशक येतो. सरकारी पैशातून संशोधन होतं, प्राध्यापक निबंध विनामोबदला लिहितात, दुसरे प्राध्यापक तो विनामोबदला तपासतात, आणि छापून आल्यावर त्यांच्याच विद्यापीठाला तो वाचण्यासाठी वर्गणी भरावी लागते. या व्यवस्थेविरुद्ध ओपन ॲक्सेसची, म्हणजे मुक्त वाचनाची चळवळ उभी राहिली. पॉल गिन्सपार्ग या भौतिकशास्त्रज्ञानं १९९१ मध्ये लॉस अलामोसमध्ये 'अर्काइव्ह' सुरू करून छापण्यापूर्वीचे मसुदे खुले ठेवण्याची वाट दाखवली होती. २००२ च्या फेब्रुवारीत जाहीर झालेल्या बुडापेस्ट घोषणेनं तिला सगळ्या विद्याशाखांचा आवाज दिला.

बहुतेक प्राध्यापकांना एक साधी गोष्ट कोणी सांगितलेलीच नसते. नियतकालिकानं सजवलेली, त्याचं बोधचिन्ह असलेली पीडीएफ खुली ठेवायला प्रकाशक सहसा मनाई करतो. पण परीक्षकांच्या सूचनांनुसार दुरुस्त केलेली, स्वीकारली गेलेली, लेखकाच्या स्वतःच्या संगणकातली अखेरची प्रत आपल्या संस्थेच्या भांडारात ठेवायला अनेक मोठे प्रकाशक परवानगी देतात. बऱ्याचदा अट एवढीच की काही महिने ती बंद ठेवावी. मजकूर तोच, निष्कर्ष तेच. ही प्रत जपून न ठेवल्यामुळे कितीतरी निबंध कायमचे वर्गणीच्या भिंतीआड राहतात.

भारतानं या कामात उशीर केला असं म्हणता येणार नाही. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेनं २००२ मध्येच आपलं ईप्रिंट्स भांडार सुरू केलं. राउरकेलाच्या एनआयटीनं २००६ मध्ये आपल्या प्राध्यापकांना निबंध जमा करणं सक्तीचं केलं. गोव्यात दोना पावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेनंही आपल्या शास्त्रज्ञांच्या निबंधांसाठी डिजिटल भांडार उभारलं. अरबी समुद्र, मान्सून, किनाऱ्याची झीज, खारफुटी यांवरचं काम मालवणच्या किंवा रत्नागिरीच्या महाविद्यालयात शिकणाऱ्या मुलीला एरवी कुठे वाचायला मिळालं असतं? केंद्राच्या विज्ञान-तंत्रज्ञान आणि जैवतंत्रज्ञान विभागांनी डिसेंबर २०१४ मध्ये धोरण जाहीर केलं की त्यांच्या निधीतून झालेल्या कामाचा स्वीकारलेला निबंध दोन आठवड्यांत जमा करावा. धोरण चांगलंच होतं. पण न जमा करणाऱ्याचं काही अडत नव्हतं, आणि जे अडत नाही ते व्यस्त प्राध्यापकाच्या यादीत शेवटी जातं.

बेल्जियममधल्या लिएज विद्यापीठाचे तेव्हाचे रेक्टर बर्नार्ड रेंटिए यांना हे अचूक कळलं होतं. २००८ मध्ये तिथे 'ऑर्बी' हे भांडार सुरू झालं. निबंध जमा करण्याची सक्ती आधीच जाहीर झाली होती, पण सक्ती कागदावर सगळीकडेच असते. रेंटिए यांनी तिला एक साधा नियम जोडला: बढतीच्या वेळी प्राध्यापकाची जी प्रकाशनं ऑर्बीत असतील, तेवढीच विचारात घेतली जातील. बाकीची यादी कितीही लांब असो, ती मोजायची नाही. दंड नाही, नोटीस नाही, समिती नाही. काही वर्षांतच ऑर्बी जगातल्या सर्वांत भरलेल्या विद्यापीठीय भांडारांमध्ये गणलं जाऊ लागलं. पोर्तुगालच्या मिन्यो विद्यापीठानं वेगळी वाट धरली. जे विभाग जास्त निबंध जमा करतील त्यांना जास्त निधी. तिथेही भांडार भरलं. या दोन्ही ठिकाणी यंत्रणा तीच होती जी भारतात फुकट उपलब्ध आहे. बदलली ती प्राध्यापकाला निबंध जमा करायला लावणारी निकड.

आपल्याकडे याच जागी आकड्यांची आरास उभी राहते. इन्फ्लिबनेटच्या 'आयरिन्स' या व्यवस्थेत प्राध्यापकाचं पान दिसतं: छायाचित्र, निबंधांची संख्या, उद्धरणांची संख्या. मूल्यांकनाच्या वेळी हे सगळं उपयोगी पडतं आणि पडावंही. पण त्या यादीतल्या निबंधावर टिचकी मारल्यावर प्रकाशकाचं शुल्क मागणारं पान उघडत असेल, तर बाहेरच्या वाचकाला विद्यापीठानं काय दाखवलं? निबंध झाला आहे, एवढंच.

जे जमा झालं आहे, तेही सापडतंच असं नाही. महाराष्ट्रात तर अडचणी खास इथल्या आहेत. पुणे विद्यापीठ २०१४ मध्ये सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ झालं. मराठवाडा विद्यापीठाला १९९४ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव मिळालं. जळगावच्या विद्यापीठाला २०१८ मध्ये बहिणाबाई चौधरींचं, सोलापूरच्या विद्यापीठाला २०१९ मध्ये अहिल्यादेवी होळकरांचं. जिल्ह्यांची नावंही बदलली. 'धाराशिव' लिहून शोधणाऱ्याला उस्मानाबादच्या शेतीवरचा जुना प्रबंध मिळणार नाही, जर नोंद करणाऱ्यानं विषयाच्या रकान्यात दोन्ही नावं घातली नसतील तर. प्रबंधाचं मूळ शीर्षक बदलायचं नसतं, पण शोधशब्द वाढवता येतात. हे काम कोणतंही यंत्र आपणहून करत नाही. इतिहास-भूगोल माहीत असलेला ग्रंथपालच ते करतो. तीच गत माणसांच्या नावांची. एस. व्ही. कुलकर्णी, कुलकर्णी एस. आणि लग्नानंतरचं आडनाव लावणारी तीच लेखिका या यंत्रासाठी तीन व्यक्ती आहेत. २०१२ पासून मिळू लागलेला सोळा अंकी ऑर्किड क्रमांक त्यांना एक करतो, मात्र तो नोंदीत भरावा लागतो.

मराठी प्रबंधांचं दुखणं याहून खोल आहे. युनिकोड रुळण्यापूर्वी, आणि त्यानंतरही कित्येक वर्षं, मराठी प्रबंध श्रीलिपी, आयएसएम अशा प्रणालींमधल्या फॉन्टवर टाइप झाले. पडद्यावर अक्षर देवनागरी दिसतं, पण आत साठवलेली असतात भलतीच रोमन चिन्हं. शोधयंत्राला त्यात 'लावणी' किंवा 'दलित आत्मकथन' दिसतच नाही. कित्येक जुने प्रबंध तर पानांचे नुसते फोटो आहेत. शीर्षकाचा रकाना रोमन लिपीत भरला असेल तर लिप्यंतराच्या चुका वेगळ्याच. मराठीच्या विद्यार्थ्यांनी मराठीत केलेलं काम खुल्या भांडारात आहे, तरीही मराठीत शोधणाऱ्याला ते मिळत नाही, ही अवस्था सहन करण्यासारखी नाही.

खुलेपणाबद्दलच्या शंकाही खऱ्या आहेत. प्रबंध खुला केला तर चोरी होईल, असं बरेच संशोधक म्हणतात. पण तारखेसह सार्वजनिक असलेल्या मजकुराची चोरी पकडणं सोपं असतं. कपाटातल्या प्रतीवरून उचललेलं प्रकरण कोणाच्या लक्षातही येत नाही. काळजी खरी घ्यावी लागते ती दुसऱ्याच ठिकाणी. मुलाखत दिलेल्या स्त्रियांची नावं, रुग्णांचे तपशील, सह्याद्रीतल्या दुर्मीळ वनस्पतीचा नेमका ठिकाणा, हे खुलं करायचं नसतं. चांगलं भांडार प्रबंध खुला ठेवून तेवढी एक फाइल बंद ठेवू शकतं. मार्गदर्शकानं जमा करण्याआधी ती फाइल वेगळी काढली पाहिजे.

'एक राष्ट्र, एक वर्गणी' योजनेला केंद्रीय मंत्रिमंडळानं नोव्हेंबर २०२४ मध्ये मान्यता दिली. २०२५ ते २०२७ या तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, ३० प्रकाशक, सुमारे १३,००० नियतकालिकं, ६,३०० हून अधिक सरकारी संस्था. छोट्या गावच्या सरकारी महाविद्यालयाला यातून जे वाचायला मिळेल ते मोठंच आहे. पण निवृत्त शिक्षक, वार्ताहर, शेतकरी गटाचा कार्यकर्ता, स्वतंत्र अभ्यासक या योजनेच्या बाहेर आहेत. भारतीय संशोधकांनी लिहिलेलं त्यांच्यापर्यंत न्यायची वाट विद्यापीठांच्या भांडारातूनच जाते.

त्यासाठी लागणारी बरीचशी साधनं हाताशी आहेत. जुन्या स्कॅन केलेल्या पानांवरचा मजकूर ओळखणारं 'टेसरॅक्ट' हे मोफत सॉफ्टवेअर मराठीही वाचतं. जोडाक्षरांत ते चुकतं, तेव्हा तपासायला माणूस लागतो. एखाद्या विद्यापीठाच्या मराठी विभागानं आपल्याच जुन्या प्रबंधांचे सारांश आणि अनुक्रमणिका युनिकोडमध्ये आणायचं काम एमएच्या विद्यार्थ्यांना प्रकल्प म्हणून दिलं, तर सगळा प्रबंध तपासण्याआधीच तो शोधात दिसू लागेल. नव्या प्रबंधांसाठी तर एवढंही नको. पीडीएफसोबत युनिकोडमधली मूळ फाइल आणि देवनागरीतलं शीर्षक मागणारी एक ओळ विद्यापीठाच्या परिपत्रकात पुरते.