परिचर्या-व्यवसायातील पदनामे आणि पायऱ्या

‘नर्सचा कोर्स करावयाचा आहे’ हे वाक्य आपल्या ग्रामीण भागातील विद्यार्थिनींच्या तोंडी वारंवार ऐकू येते. त्यातील ‘नर्स’ हा एकच शब्द निरनिराळे शिक्षणक्रम आणि निरनिराळी पदे यांवर पांघरूण घालतो, व त्यामुळे होणारी निवड कित्येकदा अजाणतेपणी होते. प्रस्तुत लेखात या शब्दांची फोड करून पाहावयाची आहे.

सुश्रुतसंहितेत चिकित्सेचे जे चार पाद सांगितले आहेत, त्यांत वैद्य, रोगी व औषध यांच्या बरोबरीने ‘परिचारक’ येतो. तेथे हा शब्द पुल्लिंगी आहे. अर्वाचीन मराठीत मात्र ‘परिचारिका’ हे स्त्रीलिंगी रूपच रूढ झाले. ‘सिस्टर’ या शब्दाची गतीही लक्षणीय आहे. इंग्लंडातील रुग्णालयांत तो वॉर्डप्रमुखाचा हुद्दा होता. आपल्याकडे तो हुद्दा न राहता प्रत्येक परिचारिकेचे संबोधन झाला.

आता शिक्षणक्रमांकडे वळू. ए. एन. एम. हा दोन वर्षांचा व जी. एन. एम. हा तीन वर्षांचा शिक्षणक्रम. दोहोंनाही कोणत्याही शाखेची बारावी चालते. बी. एस्सी. नर्सिंग चार वर्षांचे असून त्यास बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र व जीवशास्त्र हे विषय अवश्य लागतात. जी. एन. एम. झालेल्या परिचारिकेस दोन वर्षांच्या पोस्ट बेसिक शिक्षणक्रमाने पदवी मिळविता येते व पुढे एम. एस्सी.चा मार्ग खुला होतो. या सर्व नावांपैकी एकही मराठी नाही, हे ध्यानात घ्यावे.

पदनामांची स्थिती याच्या उलट आहे. शासकीय रुग्णालयांत अधिपरिचारिका, परिसेविका, अधिसेविका अशी चढती श्रेणी आहे, जी. एन. एम. किंवा पदवी घेतलेली परिचारिका अधिपरिचारिका म्हणून तीत प्रवेश करते. ए. एन. एम. झालेली स्त्री उपकेंद्रात ‘आरोग्य सेविका’ होते. तिची पुढची पायरी ‘आरोग्य सहाय्यिका’. ‘अधि’ आणि ‘परि’ या उपसर्गांतील चढउतार सामान्य वाचकास उमगत नाही, आणि कोणत्या शिक्षणक्रमाने कोणती वाट खुली होते हे तर या नावांतून मुळीच कळत नाही.

सर्वांत विचारणीय उदाहरण ‘आशा’ या नावाचे. २००५ साली राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानाबरोबर आलेले हे नाव इंग्रजी पदनामाच्या आद्याक्षरांचे बनलेले आहे. गावाने त्यास ‘ताई’ जोडून घरचे केले. नात्याच्या या शब्दात आदर आहे, परंतु हुद्दा नाही. आशाताई शासनाच्या लेखी स्वयंसेविका असून तिला कामानुसार मोबदला मिळतो. आशा होण्यास बारावीची अट नाही, ए. एन. एम.ला ती आहे. सबब बाळंतिणींची व अर्भकांची अनेक वर्षे विचारपूस केलेली स्त्रीही केवळ त्या अनुभवाच्या बळावर आरोग्य सेविका होऊ शकत नाही. ‘आशा’ व ‘आरोग्य सेविका’ ही नावे गावात शेजारी शेजारी उच्चारली जातात. त्यांमधील पायरी मात्र अस्तित्वातच नाही.

तात्पर्य, परिभाषा घडविताना केवळ प्रतिशब्द देऊन भागत नाही. शिक्षणक्रम, पद आणि त्यांमधील संबंध ही तिन्ही मराठीत स्पष्ट झाली, तरच विद्यार्थिनीस आपण कोणत्या जिन्यावर पाय ठेवीत आहोत व तो कोठवर जातो, हे आधी कळेल. परिभाषेच्या अभ्यासकांनी हे काम आपले मानावयास हवे.