दहा तोळ्यांचं ओझं

कुवेतमध्ये नोकरीला होतो तेव्हा शुक्रवारी संध्याकाळी माझे पाय सालमियाकडे वळत. तिथल्या सायंटिफिक सेंटरच्या आवारात 'फतह अल-खैर' हे तेलाआधीच्या काळातलं बूम जातीचं गलबत जपून ठेवलंय. अशा गलबतांचं सागवान मलबारातून यायचं. त्यांच्या कप्तानाला कुवेती लोक 'नोखदा' म्हणतात. आपल्या कोळीवाड्यातला नाखवा तो हाच. दोन्ही किनाऱ्यांवर एकच शब्द नांदतोय हे कळलं त्या दिवसापासून एक प्रश्न माझ्या मागे लागला. हे नाखवे मुंबईला खजुराखेरीज आणखी काय आणत होते?

ऑस्ट्रेलियन दर्यावर्दी अ‍ॅलन व्हिलियर्स १९३८-३९मध्ये कुवेतच्या अली बिन नासर अल-नजदी या नाखव्याबरोबर हिंडला. त्याच्या 'सन्स ऑफ सिंदबाद'मध्ये खजूर आहे, खारफुटीचे वासे आहेत, खलाशांची कर्जं आहेत. पुढे १९४६मध्ये कुवेतचं तेल परदेशी निघालं, खलाशी तेलकंपन्यांत गेले, माल आगबोटींनी नेला. शिडाच्या गलबतांना परवडेल असा एक माल मात्र उरला, सोनं.

हिशेब साधा होता. स्वातंत्र्यानंतर भारतात सोन्याच्या आयातीवर कडक निर्बंध आले. जगात सोन्याचा दर औंसाला ३५ डॉलर, म्हणजे तेव्हाच्या विनिमयदराने दहा ग्रॅमला साधारण ५४ रुपये. मुंबईत १९६०च्या सुमारास तेवढ्याच सोन्याला शंभराच्या वर मोजावे लागत. कुवेतच्या धक्क्यावर सोनं गलबतात चढवणं हा उजळमाथ्याने चालणारा व्यापार होता. तेच सोनं भारताच्या सागरी हद्दीत शिरलं की चोरटं ठरायचं.

शिवाय कुवेतचं चलन आपलाच रुपया. सोन्याच्या मोबदल्यात मुंबईहून गेलेल्या नोटा आखातातल्या बँकांमार्फत परत रिझर्व्ह बँकेकडे येत आणि बँकेला त्यापोटी स्टर्लिंग मोजावं लागे. ही गळती थांबवण्यासाठी १९५९मध्ये खास आखातापुरत्या वेगळ्या रंगाच्या नोटा निघाल्या. त्यातली दहाची नोट लाल. तिच्या क्रमांकाआधी 'झेड' हे अक्षर. तिच्यावर नाव रिझर्व्ह बँकेचं, पण भारतातल्या बाजारात ती चालत नसे. तस्करीच्या इतिहासात याहून बोलका कागद मला सापडलेला नाही. एका सरकारने आपल्याच रुपयापासून स्वतःला वाचवण्यासाठी तो छापला होता. १९६१मध्ये कुवेतने दिनार आणला. एका दिनाराला तेरा रुपये आणि वर एक तृतीयांश, म्हणजे एका रुपयाचे ७५ फिल्स.

आता या वाटेच्या मुंबईकडच्या टोकाला येऊ. तिथे सोन्याचा तस्कर मस्तान मिर्झा उभा आहे. रामनाथपुरमजवळच्या पनैकुळम गावातून वडिलांचं बोट धरून आलेला तमिळ मुलगा. क्रॉफर्ड मार्केटजवळ सायकल दुरुस्तीचं दुकान, मग १९४४पासून बंदरात हमाली. पुढे दमणच्या सुकर नारायण बखियाशी भागीदारी, पांढरे कपडे, पांढरी मर्सिडीज हे सगळ्यांना ठाऊक आहे. मला थांबावंसं वाटतं ते एका पेटीपाशी.

हुसेन झैदींनी 'डोंगरी टू दुबई'मध्ये ती गोष्ट दिली आहे. गालिब नावाचा अरब व्यापारी पकडला जातो. त्याची सोन्याच्या बिस्किटांची पेटी मस्तानपाशी राहते. तो माणूस तुरुंगातून सुटेपर्यंत, काही वर्षं, हा हमाल झोपडीत ती पेटी न उघडता सांभाळतो आणि जशीच्या तशी परत करतो. अर्धा वाटा त्याला मिळतो तो या सचोटीपायी. दहा तोळ्यांचं एक बिस्कीट ११६ ग्रॅमचं, काडेपेटीहून लहान. एवढीशी वस्तू, पण तिच्याबद्दल शेजाऱ्याशी, मित्राशी, घरच्यांशी एक अक्षर बोलायचं नाही. मस्तानचा एकटेपणा माझ्या मते त्या झोपडीत सुरू झाला. पुढचा बंगला, सिनेमातली माणसं, दरबार हे त्याच्याभोवती साठत गेलं. बळाची गरज पडली की तो करीम लाला आणि वरदराजन या टोळीप्रमुखांकडे जाई. सोनं दुसऱ्याचं, गलबत दुसऱ्याचं, मनगट दुसऱ्याचं. त्याच्या पदरी होती ती जिभेवरची साखर आणि दिलेला शब्द.

१९७४मध्ये मस्तानला 'मिसा' या स्थानबद्धतेच्या कायद्याखाली अटक झाली. १९७५च्या 'दीवार'मधल्या गोदी हमालात लोकांनी त्यालाच पाहिलं. सुटल्यावर त्याने धंदा सोडला, जोगेंद्र कवाडे यांच्यासह दलित-मुस्लिम राजकारणात उतरला, पण मतदार जमले नाहीत. १९९४मध्ये तो गेला.

त्याचं उदात्तीकरण मला मान्य नाही. देशाचं परकीय चलन त्याने पोखरलं. पण कुवेतचा नाखवा, बंदरातला हमाल आणि झवेरी बाजार ही साखळी तिथेच संपत नव्हती. तिचं शेवटचं टोक आमच्या माजघरात होतं. साठच्या दशकात आईच्या लग्नासाठी आजोबांनी केलेल्या पाटल्या आज माझ्या बायकोच्या हातात आहेत. त्यांचं सोनं कुठल्या किनाऱ्याला उतरलं होतं, हे आजोबांनी सोनाराला विचारलं नव्हतं. सालमियाहून परतल्यावर मी पहिल्यांदा त्या पाटल्या तळहातावर घेऊन तोलून पाहिल्या.