ऑटोक्रॉससाठी चाके आणि टायर: आधी पकड, मग वजन

ऑटोमोबाइलच्या तिसऱ्या वर्षाला वाहनगतिकी शिकवताना एक प्रश्न दरवर्षी येतो: "सर, गाडीला हलके अलॉय लावले तर वेळ किती कमी होईल?" विचारणाऱ्याकडे बहुधा घरचीच हॅचबॅक असते. खर्चायला थोडेच पैसे असतात, आणि रविवारी शर्यतीत पळवलेली गाडी सोमवारी वडिलांना कामावर न्यायची असते. म्हणून या टिपणात हा प्रश्न आकडे मांडून सोडवू. उदाहरणासाठी मारुती स्विफ्ट घेऊ, कारण ती देशभर ओळखीची आहे आणि तिची मापे सहज मिळतात.

ऑटोक्रॉस म्हणजे मोकळ्या जागेत कोन मांडून आखलेल्या वळणदार मार्गावर एका वेळी एकच गाडी सोडायची आणि घड्याळाशी शर्यत करायची. फेरी साधारण एका मिनिटाची किंवा त्याहूनही छोटी असते. वेग फारसा नसतो, वळणे मात्र सतत असतात. फॉर्म्युला स्टुडंट पद्धतीच्या विद्यार्थी स्पर्धांतही हा प्रकार असतो. आपल्याकडे कोइंबतूरच्या कारी मोटर स्पीडवेवर होणारी फॉर्म्युला भारत ही अशीच स्पर्धा. मुंबईच्या सोमय्या महाविद्यालयाचा ओरायन रेसिंग इंडिया किंवा आयआयटी मुंबईचा रेसिंग संघ अशा स्पर्धांसाठी स्वतः गाडी बांधतात. तिथे कोन पाडला की फेरीच्या वेळेत २ सेकंद वाढतात. हा दंड लक्षात ठेवा. पुढे आपण सेकंदाच्या शंभराव्या भागांची चर्चा करणार आहोत आणि एक कोन ती सगळी बचत खाऊन टाकतो.

पहिला निर्णय जमिनीचा. अमेरिकेत ऑटोक्रॉस डांबरावर किंवा काँक्रीटवर होते. भारतात फेडरेशन ऑफ मोटर स्पोर्ट्स क्लब्स ऑफ इंडियाच्या छत्राखाली या नावाने होणाऱ्या स्पर्धा अनेकदा मातीच्या मार्गावर असतात. दोन्हींचे टायर एकमेकांच्या उलट. डांबरावर रबराचा जास्तीत जास्त भाग जमिनीला टेकायला हवा, म्हणून रुंद, सलग पट्ट्यांचा, कमी खाचांचा ट्रेड चांगला. मातीत तोच ट्रेड गुळगुळीत चपलेसारखा घसरतो. तिथे खोल खाचा आणि उभट बाजूची भिंत हवी. तेव्हा दुकानात जाण्याआधी स्पर्धेची नियमावली मागवा, मार्ग कशाचा आहे ते पाहा आणि तुमच्या वर्गात टायरचा व रिमचा आकार बदलायला परवानगी आहे का तेही वाचा. पुढची चर्चा डांबरी मार्गाबद्दल आहे.

आता हलक्या रिमचा हिशेब. फिरणारे चाक दोनदा ऊर्जा मागते, एकदा पुढे सरकण्यासाठी आणि एकदा स्वतःभोवती फिरण्यासाठी. म्हणून वेग वाढवताना त्याचे सममूल्य वस्तुमान असे येते:

सममूल्य वस्तुमान = वस्तुमान + (जडत्व आघूर्ण ÷ चाकाच्या त्रिज्येचा वर्ग)

गॅरेजमध्ये एक समज पक्का आहे: "चाकातला एक किलो म्हणजे गाडीतले चार किलो." हे सूत्र पाहिले तर तो टिकत नाही. सगळे वस्तुमान टायरच्या अगदी बाहेरच्या कडेला असले, तरी दुसरे पद पहिल्याइतकेच होईल, म्हणजे गुणक फार तर २. रिम तर टायरच्या आत असतो. १५ इंची रिमची परिभ्रमण त्रिज्या ०.१४ मीटर आणि चाकाची त्रिज्या ०.३१ मीटर धरा. एका रिममध्ये २ किलो वाचले तर फिरण्याच्या बाजूने वाचणारे सममूल्य वस्तुमान २ × ०.१४² ÷ ०.३१², म्हणजे सुमारे ०.४ किलो. एकूण २.४ किलो. चारही चाकांचे मिळून ९.६ किलो. चालकासह स्विफ्ट ९७० किलो धरली तर ही बचत एक टक्क्याची. समजा ४० सेकंदांच्या फेरीत १६ सेकंद गाडी सरळ पळते आहे आणि इंजिनच्या जोरावर अवलंबून आहे. ठरलेले अंतर स्थिर बलाने कापायला लागणारा वेळ वस्तुमानाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात बदलतो, म्हणून वेळेतली घट अर्ध्या टक्क्याची, म्हणजे ०.०८ सेकंद.

आता हाच हिशेब टायरसाठी. वळणातला सर्वाधिक वेग = घर्षणांक × गुरुत्वत्वरण × वळणाची त्रिज्या, या गुणाकाराचे वर्गमूळ. १० मीटर त्रिज्येचे वळण घ्या. रोजच्या वापराच्या टायरचा घर्षणांक ०.८५ धरला तर वेग ९.१३ मीटर प्रतिसेकंद, म्हणजे ताशी सुमारे ३३ किलोमीटर. चांगल्या टायरने तो ०.९५ झाला तर ९.६५ मीटर प्रतिसेकंद, ताशी सुमारे ३५. फरक दोन किलोमीटरचा, डोळ्यांना जाणवणारही नाही. पण अर्धवर्तुळाकार वळणाची लांबी ३१.४ मीटर आहे. पहिल्या टायरने तिथे ३.४४ सेकंद लागतात, दुसऱ्याने ३.२५. एका वळणात ०.१९ सेकंद वाचले. चार हलके रिम अख्ख्या फेरीत देतात त्याच्या दुपटीहून जास्त. फेरीतले उरलेले २४ सेकंद जर असेच वळणात जात असतील, तर एकूण फरक सव्वा सेकंदाच्या वर जातो. यात मी धरलेले घर्षणांक तुमच्या टायरला लागू पडतीलच असे नाही, ते कसे मोजायचे ते पुढे येईल. पण दोन्ही बचतींतले अंतर इतके मोठे आहे की आकडे थोडे हलले तरी निर्णय बदलत नाही. पैसे एकाच गोष्टीपुरते असतील तर ते टायरवर खर्च करा.

मग हलका रिम निरुपयोगी का? तसेही नाही. चाक, हब, ब्रेक आणि सस्पेन्शनचा काही भाग मिळून स्प्रिंगखालचे वस्तुमान होते. हे वस्तुमान टायररूपी स्प्रिंगवर उड्या मारते. टायरचा उभा ताठपणा मीटरला १,८०,००० न्यूटन आणि स्प्रिंगखालचे वस्तुमान कोपऱ्यामागे ३२ किलो धरले तर ही उडी सेकंदाला सुमारे १२ वेळा होते. वस्तुमान कमी झाले की खडबडीत जागी टायर जमिनीला अधिक चिकटून राहतो. जुन्या, उखडलेल्या पार्किंगमध्ये याचा फायदा गुळगुळीत ट्रॅकपेक्षा जास्त. आणि फॉर्म्युला स्टुडंटच्या गाडीत तर पारडेच फिरते. चालकासह २९० किलोच्या गाडीत चाकामागे दीड किलो वाचले तर निव्वळ वस्तुमानातच दोन टक्के गेले. तिथे संघ १० इंची रिमसाठी भांडतात ते उगाच नाही.

रिम निवडताना वजनाइतकीच, किंबहुना अधिक, महत्त्वाची गोष्ट म्हणजे रुंदी. १८५/६५ आर १५ हा टायर ५ ते ६.५ इंच रुंद रिमवर बसवता येतो. अरुंद रिमवर तो फुग्यासारखा फुगतो आणि वळणात त्याची भिंत दुमडते. त्याच टायरला ६ किंवा ६.५ इंची रिम दिला तर भिंत ताठ उभी राहते आणि स्टिअरिंगला उत्तर लवकर मिळते. टायरवरचे आकडे वाचायची सवयही लावून घ्या. १८५ ही मिलिमीटरमधली रुंदी, ६५ म्हणजे भिंतीची उंची रुंदीच्या ६५ टक्के, १५ हा रिमचा व्यास इंचांत. यावरून बाहेरचा व्यास ६२१.५ मिलिमीटर येतो. स्विफ्टच्या खालच्या मॉडेलांत आलेल्या १६५/८० आर १४ चा व्यास ६१९.६. म्हणजे कंपनीने रिम बदलला तरी व्यास जवळजवळ तोच राखला. गिअरचे गुणोत्तर आणि स्पीडोमीटर दोन्ही त्यावर अवलंबून असतात, तेव्हा तुम्हीही तो राखा.

बसण्याची मापे चुकली तर बाकी सगळे व्यर्थ. स्विफ्टला १०० मिलिमीटरच्या वर्तुळावर चार छिद्रे असतात, मधले भोक ५४.१ मिलिमीटर आणि नटाचा आटा १२ × १.२५. बाजारातल्या रिमचे भोक अनेकदा मोठे असते. मग मधे हब रिंग लागते, नाहीतर चाक नेमके मध्यावर बसत नाही आणि स्टिअरिंग थरथरते. नटाची बैठक शंकूची की गोल, हेही जुळवा. ऑफसेट बदलून चाक बाहेर काढले तर गाडी रुंद दिसते, पण बेअरिंगवरचा भार आणि स्टिअरिंगचा ओढा दोन्ही वाढतात.

आणि ताकद. वळणात भार बाहेरच्या चाकांवर जातो. ९७० किलोची गाडी, घर्षणांक ०.९, गुरुत्वमध्याची उंची ०.५५ मीटर, दोन चाकांतले अंतर १.५ मीटर धरा: आतून बाहेर जाणारा एकूण भार सुमारे ३२० किलो. पुढच्या ॲक्सलकडे ६० टक्के वाटा धरला तर उभ्या गाडीत २९१ किलो झेलणारे पुढचे बाहेरचे चाक वळणात सुमारे ४८० किलो झेलते, आणि वर आडवे बल वेगळे. तो टायर ८८ भार-निर्देशांकाचा असेल तर त्याची मर्यादा ५६० किलो आहे. रिमची मर्यादा त्याच्या मागच्या बाजूला कोरलेली असायला हवी. ती नसेल तर असा रिम घेऊ नका.

रिम तीन तऱ्हांनी बनतात. साधा ओतीव ॲल्युमिनियमचा, ओतल्यावर बाहेरची पट्टी गरम असताना रोलरने ताणून पातळ केलेला, आणि घडवलेला. याच क्रमाने वजन घटते, ताकद वाढते आणि किंमत चढते. मधला, म्हणजे फ्लो फॉर्मिंगचा रिम, हौशी खेळाडूला बहुधा परवडणारा सुवर्णमध्य. खरा धोका आहे तो प्रसिद्ध रिमची हुबेहूब नक्कल करून स्वस्तात हलका केलेल्या ओतीव रिमचा. पोलादी रिम खड्ड्यात वाकतो आणि तुम्हाला कळते. खराब ओतीव रिम तडकतो, तो तडा आतल्या बाजूला असतो आणि घरी परतताना हायवेवर उघडतो. म्हणूनच रिमच्या चाचण्या असतात: वळणातला वाकवणारा भार फिरवून फिरवून दिलेली थकवा चाचणी, सरळ भाराखाली ड्रमवर पळवणे, आणि चाक १३ अंशांत कलते ठेवून त्याच्या कडेवर वजन टाकणे. पुण्याची एआरएआय संस्था, स्थापना १९६६, अशा चाचण्या करते. रिमवर आयएसआय किंवा जपानी जेडब्ल्यूएल चिन्ह शोधा. चिन्हही खोटे असू शकते, म्हणून बिलावर निर्मात्याचे नाव हवेच. पुण्याजवळ शिक्रापूरला एन्केईसारख्या कंपनीचा कारखाना आहे. मूळ गाडीबरोबर आलेला कंपनीचा अलॉय सेकंडहँड मिळाला, तर तो अनोळखी नव्या रिमपेक्षा मी कधीही पसंत करेन.

समर टायर हे नाव थंड देशांतून आले. तिथे तापमान सुमारे ७ अंशांखाली गेले की हे रबर कडक होते आणि लोक हिवाळी टायर चढवतात. आपल्या मैदानी भागात हिवाळी टायर कोणी विकत नाही, त्यामुळे हा भेद विस्मरणात जातो. जयपूरजवळ आग्रा रस्त्यावरच्या कानोत्यात मात्र तो आठवतो. जानेवारीच्या सकाळी पारा दहाच्या खाली उतरतो, मे महिन्यात चाळिशी ओलांडतो. ऑटोक्रॉसमध्ये टायर तापायला एक मिनिटही मिळत नाही, म्हणून सर्किटसाठीचा, तापल्यावरच चिकटणारा टायर इथे उपयोगाचा नाही. थंडीतही पहिल्या वळणापासून पकडणारा, रस्त्यावर चालणारा मऊ समर टायर हवा. मऊपणाचा एक ढोबळ निर्देश म्हणजे भिंतीवरचा ट्रेडवेअर आकडा. तो जितका लहान तितका टायर लवकर झिजणारा आणि सहसा चिकट. अमेरिकेच्या एससीसीए संस्थेने स्ट्रीट वर्गासाठी किमान २०० ची अट ठेवली आहे. हा आकडा निर्माता स्वतः देतो, म्हणून दोन कंपन्यांची तुलना त्यावरून करू नका. त्याशेजारचे ट्रॅक्शनचे अक्षर तर ओल्या रस्त्यावर सरळ ब्रेक लावण्याविषयी आहे. वळणाबद्दल ते काहीच सांगत नाही. आपल्या बाजारात छोट्या रिमसाठी अशा टायरांचे पर्याय थोडे असतात. १५ इंच घेण्याचे हेही एक कारण.

आमच्या भागात वाऱ्याने येऊन डांबरावर बसणारी बारीक वाळू हा वेगळाच विषय. टायर आणि डांबर यांच्यामध्ये तिचे कण छऱ्यांसारखे फिरतात आणि महागडा टायरही लाचार होतो. सकाळी खराटा मारणे हा पकड वाढवण्याचा सर्वांत स्वस्त उपाय आहे, आणि मी तो गमतीने सांगत नाही.

हवेचा दाब हा दुसरा फुकटचा उपाय. सकाळी २५ अंशांत ३२ पीएसआय भरले आणि टायर ६० अंशांपर्यंत तापला तर दाब सुमारे ३७.५ होतो. निरपेक्ष दाब धरून वायूचा नियम लावा, उत्तर जुळेल. म्हणून दाब प्रत्येक फेरीनंतर मोजा. भिंतीच्या कडेवर खडूने तीन-चार आडव्या रेघा ओढा आणि फेरी मारा. खडू खांद्याच्या खाली भिंतीवरही पुसला गेला तर दाब कमी आहे, खांद्यापर्यंतही पुसला नाही तर जास्त.

शेवटी घर्षणांक मोजणे. दोरी आणि खडूने १० मीटर त्रिज्येचे वर्तुळ आखा, गाडी न घसरता जास्तीत जास्त वेगाने त्यावरून फिरवा आणि पूर्ण फेरीला लागलेला वेळ घ्या. ३९.५ × त्रिज्या ÷ वेळेचा वर्ग हे आडवे त्वरण. त्याला ९.८१ ने भागले की घर्षणांक. ६.९ सेकंद आले तर सुमारे ०.८५, ६.५ आले तर ०.९५. उजवीकडून आणि डावीकडून तीन-तीन वेळा घ्या, वेळ चालकाने नव्हे तर बाहेरच्याने मोजावी. हे सारे बंद आवारात, परवानगीने, हेल्मेट घालून. सार्वजनिक रस्त्यावर वेगाची चाचणी घेणे मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ खाली गुन्हा आहे.

टायर घेताना भिंतीवरचे चार अंकी तारीखचिन्ह पाहा. २३२४ म्हणजे २०२४ चा तेविसावा आठवडा. राजस्थानच्या उन्हात गोदामात पडून राहिलेला टायर न वापरताही कडक होतो. नवे रिम बसवल्यावर नट टॉर्क पान्याने, समोरासमोरच्या क्रमाने आवळा, ५० ते १०० किलोमीटर चालवून पुन्हा तपासा, आणि स्टेपनीला जुने नट लागतात का ते त्याच दिवशी लावून पाहा.